देवग्रास कुणाचा?

मंगळवार, ६ जानेवारी २०२६

शाळेतून निवृत्त होऊन साडेसात वर्षं झाली. तेव्हापासून लिहायचं असं काही उरलंच नव्हतं. आज नवी वही काढली, कारण काम मिळालंय.

सिस्टर इमेल्डांनी सकाळीच निरोप धाडला, "पद्माला म्हणावं, चष्मा घेऊन ये." गुडघे गेलेत त्यांचे, पण कान शाबूत आहेत. अठ्ठ्याऐंशी वय. मूळच्या वसईच्या. चौसष्ट वर्षांत कोल्हापूरनं त्यांना इतकं आपलं केलंय की इथल्या बायकांसारखं त्याही "मी आलो, मी गेलो" म्हणतात. प्रार्थना मात्र अजून वसईच्या मराठीत.

संत वेरोनिकेच्या भगिनींच्या संघाला यंदा दीडशे वर्षं होतात आणि कोल्हापूरच्या घराला पंचाहत्तर. पुण्याच्या सिस्टर लिसी या भागातल्या सगळ्या घरांच्या मुख्य. त्यांना मराठीत इतिहासाची पुस्तिका हवीय. संघ कसा सुरू झाला, इथं कसा आला, काय काय घेऊन आला. समारंभ मार्चमध्ये.

"आणि एप्रिलात टाळं," सिस्टर म्हणाल्या. उन्हाळा लवकर येणार असं सांगावं तसं म्हणाल्या. वसतिगृहात एकोणीसच मुली उरल्यात. शाळा ट्रस्टकडे चालू राहील, वसतिगृह बंद, आणि तिघी सिस्टर पुण्याला.

"आणि देवग्रास?" मी विचारलं.

"त्याच्यासाठीच तर चष्मा आणायला सांगितला. लिसी म्हणती, मदर अडेलनं घालून दिलेली रीत असंल तर तो संघाचा वारसा. मग ती सभेपुढं ठेवती, ताट चालू राहील. नसंल तर स्वयंपाकघराबरोबर तेही बंद. दोन फेब्रुवारीला येणाराय. तोवर लिहून दे, बाय."

संघ काढणाऱ्या मदर अडेलचीच रीत आहे ती. त्यात काय शोधायचं? सोपं काम आहे.

गुरुवार, ८ जानेवारी

रोहिणीचा हैदराबादहून फोन. "ममी, तू रोज दुपारी त्या कॉन्व्हेंटमध्ये जाऊन करतेस तरी काय?" तिला किती वेळा सांगितलंय. आज परत सांगितलं आणि म्हटलं, हेच लिहून ठेवावं, पुस्तिकेला उपयोगी पडेल.

मी आठ वर्षांची असताना, अडुसष्टच्या जूनमध्ये, अण्णांनी मला जयसिंगपूरहून आणून वसतिगृहात सोडलं. तंबाखूच्या दुकानाचा वास अण्णांच्या कोटाला होता. ते गेल्यावर हाताला तो वास किती वेळ राहतो ते मी बघत बसले होते. अण्णांनी मदरना एकच अट घातली होती, पोरगी दिवस मावळायच्या आत जेवेल. जैनाची पोर, दुसरं काय सांगणार! बेल्जियमच्या मदर गोदलीव्ह, त्यांना आम्ही "गोड मदर" म्हणायचो, त्यांना ते नीट कळलं नसावं. पण नऊ वर्षं रोज सूर्य मावळायच्या आत तरुण सिस्टर इमेल्डा माझं ताट घेऊन पायरीवर उभ्या असायच्या. कांदा नाही, बटाटा नाही.

दुपारचं जेवण मात्र सगळ्यांबरोबर. घंटा व्हायची, प्रार्थना व्हायची, मग गोड मदर मोठ्यानं तो शब्द म्हणायच्या. सत्तर मुली एका आवाजात ओरडायच्या, "देवग्रास!" दानम्माआक्का, आमची स्वयंपाकीण, पहिलं वाढलेलं ताट उचलून मागच्या दाराशी न्यायची. तिथं कट्ट्यावर जो कोणी बसला असेल त्याचं ते. नाव विचारायचं नाही, जात विचारायची नाही, का आलास विचारायचं नाही. ती परत येऊन "झालं" म्हणेपर्यंत आम्ही घासाला हात लावायचा नाही.

गोड मदरना "देवग्रास" धड म्हणता यायचं नाही. परदेशी जीभ, शेवटाला "इयास" असं काहीतरी चिकटायचं. आम्ही अंथरुणात त्यांची नक्कल करून हसायचो.

पुढं मी त्याच शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा दरवर्षी नववीच्या पेपरात घालायचे: देवग्रास, देवासाठी ग्रास, चतुर्थी तत्पुरुष. मुली म्हणायच्या, बाई, हा एक मार्क फुकटचा.

आता एक ताट राहिलेलं नाही. दहा-बारा माणसं येतात. मंडईतल्या दोन म्हाताऱ्या, दवाखान्यातल्या पेशंटांबरोबर आलेले नातेवाईक, एक निवृत्त पोस्टमन. तांदूळ-ज्वारी माजी मुलींच्या घरून येते, दर सुगीला. दानम्माआक्का नाही, तिची नात शिवलीला वाढते. मी जाते ती जरा देखरेखीला. हे गेल्यापासून, तीन वर्षं झाली, दुपारी मोकळीच असते.

मंगळवार, १३ जानेवारी

भोगी. मागच्या दाराशी बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी आणि भोगीची भाजी. वास पार रस्त्यापर्यंत.

शिवलीलाचा अंदाज काही सुधारत नाही. "बाई, हे बिनगाजराचं, बिनकांद्याचं चुकून जादा झालंय बगा. आता टाकून द्यायचं व्हय? खावा की." रोज काहीतरी जादा होतं तिचं, आणि नेमकं माझ्याजोगतं. टाकण्यापेक्षा बरं म्हणून दोन घास खाल्ले. कट्ट्यावरच्या गुंडूमामांनी, म्हणजे पोस्टमननी, सरकून जागा केली. "बसा की बाई, आमच्यातच." उभ्यानं खाणं बरं दिसत नाही म्हणून बसले.

पुस्तिकेसाठी आकडा हवा म्हणून मी मोजलं. अकरा. शिवलीला म्हणाली, "बारा." मी पुन्हा मोजलं, बोटानं दाखवून. अकराच. ती हसली. "बरं बाई, अकरा तर अकरा." चौथीपर्यंत माझ्याच शाळेत होती, पण गणित कच्चंच राहिलं पोरीचं.

शनिवार, १७ जानेवारी

मदर अडेलची पत्रं सिस्टरांच्या पेटीतून मिळाली. एकेचाळीस पत्रं, मराठीत भाषांतर करून टाइप केलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. आज सगळा दिवस वाचत होते.

काय बाई होती! बेल्जियममधली, लेस विणणाऱ्याची मुलगी. गावाशेजारी कोळशाची खाण. अठराशे शहात्तरच्या मार्चमध्ये खाणीत स्फोट झाला. वर काढलेल्या माणसांचे चेहरे काजळीनं इतके काळे की कोण कुणाचा ते बायकांना ओळखता येईना. अडेल आणि तिच्या दोन मैत्रिणी घरचे टॉवेल, चादरी, लग्नासाठी विणून ठेवलेली लेससुद्धा पाण्यात बुडवून एकेकाचं तोंड पुसत राहिल्या. दोन दिवस. येशूचं तोंड पुसणारी वेरोनिका, तिचं नाव संघाला त्यावरून. मला हे शाळेत असताना सांगितलं होतं, पण तेव्हा फक्त लेसचं वाईट वाटलं होतं. आज चेहऱ्यांचं वाटलं. हे दवाखान्यात होते त्या शेवटच्या सकाळी मी त्यांचं तोंड पुसलं होतं. पुसून झाल्यावर ते म्हणाले, "बरं वाटलं."

पण ताटाचा उल्लेख एकाही पत्रात नाही. पहिला घास, मागचं दार, काहीच नाही. दोनदा वाचली.

सोमवार, १९ जानेवारी

सापडलं! सतरावं पत्र. "स्वयंपाकघराचं दार कधीही लावून घेऊ नका." मदर अडेलच्या स्वतःच्या हातचं वाक्य. यापेक्षा स्पष्ट काय हवं? प्रकरण लिहून काढलं. "या एका वाक्यात देवग्रासाचं बीज आहे. तेच बीज आपल्या भगिनींनी कोल्हापूरच्या मातीत आणून पेरलं." वाक्य चांगलं उतरलंय.

पुढचं वाक्य घेतलं नाही. त्याची गरज नव्हती.

शुक्रवार, २३ जानेवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सिस्टरांना प्रकरण वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "सतरावं पत्र ना? मीच टाइप केलंय ते. पुढचं वाक्य वाच की."

"पुढचं काही विशेष नाही, सिस्टर."

"वाच."

वाचलं. "धुराड्यात कावळ्यांनी घरटं केलं आहे आणि धुरानं सिस्टर मार्थ काल दोनदा घेरी येऊन पडली."

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. "पद्मा, पद्मा! पन्नास वर्षांपूर्वी कॉपी करताना धरलंतं तुला, तेव्हा असंच तोंड झालंतं बघ."

मी म्हटलं, "मग खरं काय ते तुम्ही सांगा. रीत कुणाची?"

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "गोड मदर काय म्हणायच्या, ते परत एकदा म्हण. तुम्ही नक्कल करायचा तसं."

"देओग्रासियास."

"देओ ग्रासियास. लॅटिन हाय ते. देवाचे आभार. जेवणाआधीची प्रार्थना संपली की म्हणायचं. जगातल्या सगळ्या मठांत म्हणायचे. ताटाचा काही संबंध न्हाय त्याच्याशी."

मग त्यांनी सगळं सांगितलं.

एकावन्न साली चार सिस्टर आल्या तेव्हा त्यांना मराठी येत नव्हतं आणि दानम्माआक्काला, शिरोळकडची लिंगायत बाई, कानडी आणि मराठी सोडून काही येत नव्हतं. पहिल्याच दिवशी गोड मदर ताटासमोर हात जोडून मोठ्यानं म्हणाल्या, देओ ग्रासियास. आक्काला ऐकू आलं, देवग्रास. तिच्या माहेरच्या मठात दासोह चालायचा, येईल त्याला जेवण. तिला वाटलं, बरोबर आहे, या बायकांच्यातही आहे. मदर रोज आठवण करून देतात. तिनं ताट उचललं आणि मागच्या दाराशी नेलं.

"आणि मदर?"

"मदरना वाटलं, ह्या देशात असंच करत असतील. न्हाय म्हटलं तर स्वयंपाकीण सोडून जाईल. त्या गप. मी बासष्टला आलो. लॅटिन येणारी आणि मराठीही येणारी मी पहिलीच. पहिल्या आठवड्यातच सगळं ध्यानात आलं."

"चौसष्ट वर्षं तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू? मदर म्हणायच्या, ते दानम्माचं हाय, त्याला हात लावू नका. दानम्मा म्हणायची, ते मदरचं हाय, त्याला हात लावू नका. दुसऱ्याचं मोडायचं कसं, म्हणून दोघींनी टिकवलं. मी बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी बंद."

चतुर्थी तत्पुरुष! किती वर्षं मी तो एक मार्क दिला.

मंगळवार, २७ जानेवारी

तीन दिवस काही लिहिलं नाही. आज शिवलीलाला सांगितलं. तिच्या आजीची गोष्ट, तिला न सांगता छापणं बरं नव्हे.

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "म्हंजे आमच्या आज्जीला ऐकायला कमी यायचं म्हणता?"

"तसं नाही गं."

"मग कसं? आज्जी मरताना आईला सांगून गेली, मी मदरचा शब्द कधी मोडला न्हाय, तुमीबी मोडू नका. आईनं मोडला न्हाय. मी बी न्हाय. आणि आता तुमी म्हणताय, शब्दच नव्हता!" भाकरी तव्यावर जरा जोरातच पडली.

मी म्हटलं, "म्हणूनच विचारते. खरं लिहिलं तर ताट बंद होईल. खोटं लिहिलं तर चालू राहील. मदर अडेलच्या नावावर घालते, कोण बघायला येतंय? तू सांग."

तिनं दोन भाकरी थापून भाजल्या. मग म्हणाली, "त्या अडेलबाईनं काय केलंतं?"

मी खाणीचं सांगितलं. चेहऱ्यांचं, लेसचं.

"एवढं केलं बिचारीनं. तिला आणि कशाला आमचं चिकटवायचं? तिचं तिला, आज्जीचं आज्जीला. खरं हाय ते लिवा." पीठ झटकत ती माझ्याकडं वळली. "पर बाई, ताट बंद झालं तर तुमी..." आणि परत परातीकडं वळली.

मी काय? मला वाटतं, तुम्ही जबाबदार, असं म्हणणार होती. बाईंना असं तोंडावर कसं बोलायचं म्हणून थांबली असेल. मला ते दिवसभर लागून राहिलं. आजही तिची बिनकांद्याची आमटी जादा झाली होती. मी ताट बाजूला सारलं, तर ती उठून कट्ट्यापाशी उभी राहिली आणि माझं ताट संपेपर्यंत हलली नाही. रागावलीय बहुतेक.

शनिवार, ३१ जानेवारी

दोन्ही प्रकरणं टेबलावर आहेत. धुराड्याशिवायचं एक, आणि चुकीच्या शब्दाचं दुसरं. पहिलं जास्त चांगलं लिहिलंय, हे कबूल करायला हवं.

रोहिणी म्हणते, "ममी, एवढं काय? दोन ओळींनी लोकांना जेवण मिळत असेल तर लिही की." तिचं चूक नाही. मंडईतल्या म्हाताऱ्यांना लॅटिनशी काय करायचंय? मी कोण मोठी सत्यवती? सतरावं पत्र मीच कापलं होतं.

पण दानम्माआक्का मला दिसते. पितळी ताट दोन्ही हातांत, पदर खोचलेला, दार पायानं ढकलणारी. तिचं नाव शाळेतल्या एकाही फलकावर नाही. मदर अडेलच्या नावावर घातलं, तर ती पुस्तिकेतूनही जाईल.

दुसरं देते आहे. सोमवारी काय व्हायचं ते होवो. दुपारी कट्ट्यावरच्या कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी

सिस्टर लिसी पुण्याहून आल्या. केरळच्या, पन्नाशीच्या. मराठी पुस्तकासारखं स्वच्छ. मला "टीचर" म्हणतात. सिस्टर इमेल्डांच्या खोलीत बसून त्यांनी प्रकरण वाचलं. शिवलीला चहा घेऊन आली ती दाराशीच उभी राहिली.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद नीट एकावर एक ठेवले. "टीचर, म्हणजे हे मदर अडेलचं नाही."

"नाही."

"संघाच्या नियमात नाही, पत्रांत नाही. मग वारसा म्हणून मी हे सभेपुढं ठेवू शकत नाही."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

"सिस्टर इमेल्डा, तुम्हांला हे माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासनं."

"आणि तुम्ही वरिष्ठांना कळवलं नाही?"

"न्हाय. आता काढा की मला मठातनं. अठ्ठ्याऐंशीची हाय, कुठं जातो?"

लिसींना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. मग शिवलीलाकडं वळल्या. "तुमच्या आजींचं हे?"

"व्हय," शिवलीला म्हणाली. हातातला ट्रे छातीशी धरलेला. "आज्जीचंच. ऐकण्यात चूक झाली असंल. वाढण्यात न्हाय."

खाली मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुलींचा गलका झाला. लिसींनी कागद पुन्हा उचलले आणि शेवटचं पान बघितलं.

"मी एप्रिलमध्ये संघाची इथली कामं बंद करायला आले आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "वसतिगृह संघाचं. बंद होईल. स्वयंपाकघर वसतिगृहाचं. तेही बंद. पण टीचरांनी मला लेखी दिलंय की देवग्रास संघाचा नाही. दानम्मांचा आहे. जे संघाचं नाही ते मी कुठल्या अधिकारानं बंद करू?"

मला कळायला वेळ लागला. सिस्टर इमेल्डांना लागला नाही. त्यांनी पलंगाच्या दांडीवर हात आपटला.

"मागची चुलीची खोली रस्त्याला लागून आहे," लिसी पुढं म्हणाल्या. "ती देवग्रासाला द्या म्हणून ट्रस्टशी मी बोलते. मालकीण कोण, तर दानम्मांच्या वारस. तुम्ही बंद करणार आहात का?"

"मी?" शिवलीला म्हणाली. "मी कशाला बंद करतोय? आज्जीनं सांगितलंय..." आणि तिथंच ती रडायला लागली, ट्रे तसाच धरून.

लिसींचं जेवण आज मागच्या दाराशीच झालं. गुंडूमामांनी त्यांनाही सरकून जागा केली. "या पावणं, बसा."

गुरुवार, १२ फेब्रुवारी

पुस्तिका छापखान्यात गेली. आज आकारामचा, छापखान्यातल्या अक्षरजुळणीवाल्याचा, फोन आला.

"बाई, पहिल्या पानावर घोटाळा झालाय बगा. संस्थापिका म्हणून मदर अडेल हाय, आणि खाली परत संस्थापिका, दानम्मा मल्लिकार्जुन स्वामी, स्वयंपाकीण. एका संस्थेला दोन संस्थापिका कशा? चूक झालीय न्हवं?"

"झालीय," मी म्हटलं. "पंचाहत्तर वर्षांपूर्वी. तशीच छाप."